पडदा खिडकीबाहेर, वारा घरात

लग्नसराई जवळ आली किंवा दिवाळीची रंगरंगोटी निघाली की घरोघरी पडद्यांचा विषय निघतो. भिंतीच्या रंगाला कोणता शोभेल, सोफ्याच्या कापडाला कोणता जुळेल, झालर लावायची की साधाच शिवायचा, रॉड पितळी घ्यायचा की स्टीलचा, यावर दोन-दोन दिवस खल चालतो. यात डॉक्टरचे मत कोणी विचारत नाही आणि ते विचारावे असे कोणाला वाटतही नाही. तरीही आजचे हे सदर मी पडद्यांसाठी राखून ठेवले आहे. पडदा हा शोभेच्या आधी आरोग्याचा विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ऊन अडवायचे ते खिडकीच्या बाहेर. आतला पडदा हलका, घरी धुता येणारा आणि पूर्ण बाजूला सरकणारा असावा. आणि खिडकी रोज उघडली गेलीच पाहिजे. आज बहुतेक घरांत याच्या नेमके उलट दिसते. बाहेर काहीच आडोसा नाही, आत जाड चकचकीत पडदा, आणि त्याच्या मागची खिडकी महिनोन्‌महिने बंद.

आपल्या जुन्या घरांना पडद्याची फारशी गरज नव्हती. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी. ऊन ओसरीतच थांबायचे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव भागातल्या कोलामांच्या पोडावर कुडाच्या भिंतींतून वारा आपोआप खेळायचा. आता स्लॅबची आणि टिनाची घरे आली. भिंती पातळ झाल्या, ओसरी गेली, छज्जा वीतभर उरला आणि खिडकीला काच आली. घर बदलले, पण उन्हाळा तोच राहिला. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही काचच घराची भट्टी करते.

काचेच्या आत आलेले ऊन परत जात नाही

निरभ्र दिवशी भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी उष्णता पडते. पश्चिमेच्या खिडकीवर चार वाजताच्या उतरत्या उन्हात याच्या निम्मी धरली, तरी तीन फूट बाय चार फुटांच्या एका खिडकीतून एखादी इस्त्री सतत चालू ठेवावी इतकी उष्णता खोलीत येते. काचेतून ऊन सहज आत शिरते. ते पडद्यावर, फरशीवर, पलंगावर पडते आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंची धग मात्र काचेतून तशी बाहेर जात नाही.

आता आत जाड, गडद मरून पडदा लावला तर काय होईल? तो ऊन शोषून घेईल, स्वतः तापेल आणि ती धग खोलीतच सोडेल. डोळ्यांना अंधार दिसतो, म्हणून थंड वाटते एवढेच. पांढरा किंवा फिकट पडदा, निदान काचेकडच्या बाजूला पांढरे अस्तर असलेला पडदा, थोडे तरी ऊन काचेतून परत फेकतो. पण खरा उपाय ऊन काचेपर्यंत पोचू न देण्याचा आहे. बांबूची चिक, तुराट्यांची ताटी, शेतात वापरतो ती हिरवी नेट, जुने पांढरे धोतर किंवा सुती चादर, यांतले काहीही खिडकीबाहेर बांधले तरी हजारो रुपयांच्या आतल्या पडद्यापेक्षा ते जास्त काम करते. बांधताना भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. तुराट्यांची ताटी मात्र चूल आणि शेकोटीपासून लांब असावी.

हा प्रश्न केवळ सुखाचा नाही. उष्माघात शेतात आणि रस्त्यावरच होतो असा समज आहे. प्रत्यक्षात म्हातारी माणसे घरात, पलंगावर पडल्या पडल्या उष्माघाताने दगावतात. १९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उन्हाची लाट आली आणि काही दिवसांत सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते आणि चोरांच्या भीतीने खिडक्या बंद करून बसलेलेही बरेच होते. आपल्या देशात २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. आपल्याकडे दुपारी घरात आजोबा-आजी असतात, मुले शाळेत आणि कर्ते माणूस कामावर असतो. म्हणून माझा आग्रह असा, की घरात पैसे एकाच पडद्यापुरते असतील तर तो बैठकीला लावू नका. आजीच्या पश्चिमेकडच्या खिडकीला, बाहेरून, सावली करा. आणि म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग चटका बसावा तसे तापले, शुद्ध हरपू लागली, तर वाट न पाहता सावलीत घ्या, ओल्या कापडाने अंग पुसत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

कोणत्या दिशेला काय लावावे

पडदे घेताना दुकानदार खिडक्यांची मापे विचारतो, दिशा विचारत नाही. खरे तर दिशा आधी विचारायला हवी. पूर्वेची खिडकी सकाळी नऊ-दहापर्यंत तापते, पश्चिमेची दुपारी तीनपासून मावळतीपर्यंत. उन्हाळ्यात या दोनच दिशा छळतात, कारण तिकडून सूर्य तिरपा येतो आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. बाहेरची चिक किंवा नेट हवी ती इथे.

दक्षिणेच्या खिडकीची मात्र आपण उगाच धास्ती घेतली आहे. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून तिकडची खिडकी कायम बंद आणि वर जाड पडदा, असे कितीतरी घरांत पाहतो. सूर्याचे गणित वेगळेच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि २१ मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर तो मध्यान्हीला किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत बहुतांशी सावलीत, आणि दीड फुटाचा छज्जा तिला पुरतो. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि याच खिडकीतून कोवळे ऊन थेट खोलीत येते. हिवाळ्यात दम्याच्या रोग्याची आणि म्हाताऱ्यांची खोली उबदार व कोरडी ठेवणारी ती खिडकी आहे. तिला जाड पडद्याने गाडू नका. कोणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण ऊन आणि वारा कोणत्याही दिशेने आला तरी घराचे भलेच करतो.

वेळापत्रकही लक्षात ठेवावे. कूलर नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊला खिडक्या लावून घ्याव्यात, कारण तेव्हापासून बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम होत जाते. सूर्य मावळून बाहेर गार वाटू लागले की सगळ्या खिडक्या सताड उघडाव्यात आणि रात्रभर उघड्या ठेवाव्यात. टिनाच्या घरात हा नियम चालत नाही. टिन आतून भट्टीसारखे तापते, तेव्हा तिथे दिवसाही हवा खेळती हवी आणि टिनावर पांढरा चुना किंवा हिरवी नेट हवी.

कूलर आणि बंद खिडकी

आपल्या भागात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. पण कूलर लावला की खिडक्या-दारे बंद आणि पडदे ओढलेले, अशीच पद्धत पडली आहे. कूलर हा एसी नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत टाकतो. ती हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी उघडी नसेल, तर तासाभरात खोली दमट होते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि माणूस चिकचिकत बसतो. ओल साचली की भिंतीला आणि पडद्याला बुरशी येते, लहान मुलांचा खोकला सुरू होतो. म्हणून कूलरच्या समोरच्या खिडकीवरचा पडदा बाजूला सारलेला हवा. पूर्वी श्रीमंतांच्या घरी दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. त्यातही युक्ती हीच होती. वारा अडवायचा नाही, ओला करून आत घ्यायचा. कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकावे, टाकी घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून तयार होतो आणि त्याची अंडी कोरड्या टाकीच्या कडेलाही महिनोन्‌महिने टिकून राहतात.

बंद खोलीचे आजार

उन्हाळा चार महिन्यांचा. बंद खिडकीचे दुसरे नुकसान बारमाही आहे. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. तो जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतो आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो आणि थेट उन्हात टिकत नाही. आजही जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी एक भारतातला असतो. घरात एकाला क्षय असेल तर औषध हा पहिला उपाय, पण उघडी खिडकी हा दुसरा आणि फुकटचा उपाय आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरातल्या कोंदट वस्त्यांना हवा-उजेड मिळवून देणे हे त्याचे एक मुख्य काम होते. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारला जे पटले, ते आपण जाड पडद्यांनी पुन्हा विसरत चाललो आहोत.

इमारतींची राष्ट्रीय संहिता सांगते, की उष्ण-कोरड्या प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश इतकी खिडकीची उघडी जागा असावी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला १२ चौरस फूट, म्हणजे तीन बाय चारची एक खिडकी. हल्ली सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या आहेत. त्या कितीही सरकवल्या तरी निम्म्याच उघडतात. म्हणजे सहा चौरस फूट उरले. त्यावर पडद्याच्या चुण्या दोन्ही बाजूंनी आत आल्या, तर उरले चार. मग खोलीत कोंदट वाटते याचे आश्चर्य ते काय?

खेड्यांत वेगळीच अडचण. भाव येईल या आशेवर कापूस घरातच साठवतात आणि ढीग चढत चढत खिडकीला लागतो. अंगाला खाज सुटते, मुले खोकतात, आणि खिडकी तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघडत नाही. कापसाला भाव मिळवून देणे माझ्या हातात नाही. पण ढीग झोपण्याच्या खोलीत नसावा आणि निदान एक खिडकी मोकळी असावी, एवढे शक्य तितके पाहावे. फवारणीच्या औषधांची पोती किंवा ताडपत्री खिडकीला पडदा म्हणून कधीही लावू नये. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्याने केवढे दुःख पाहिले, ते विसरण्यासारखे नाही.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. खिडकीला गोधडी, दाराला ब्लँकेट, खाटेखाली शेगडी. "बाळंतिणीले वारा लागते, डॉक्टरसाहेब," असे आजीबाई मला बजावतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मे महिन्यात अशा खोलीत गुंडाळून ठेवलेले बाळ तापाने फणफणते, दूध ओढत नाही, सुकते. आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी वास नसलेला विषारी वायू सोडते, त्यात आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. थेट झोत अंगावर नको, एवढेच पथ्य पुरे. खिडकी उघडी, तिला पातळ सुती पडदा, आणि खाट झोतापासून बाजूला. आजीबाईंचे समाधान होते आणि बाळालाही श्वास मिळतो.

कापड आणि रॉड

"खिडकी उघडली तं धूळ येते ना!" ही तक्रार खरी आहे. वणीकडे कोळशाची, मुकुटबनकडे सिमेंटची, इतरत्र रस्त्याची धूळ आहेच. पण धूळ अडवणारा पडदा म्हणजे धूळ साठवणारा पडदा. तो झटकला की सगळी धूळ दम्याच्या रोग्याच्या छातीत जाते. म्हणून जो पडदा महिन्या-दीड महिन्यात घरच्या बादलीत धुता येत नाही, तो घेऊ नये, हा माझा साधा नियम. मखमल, जाड अस्तर, झालरी आणि गोंडे देखणे असतात खरे, पण ते वर्षातून एकदा दिवाळीलाच उतरतात. आपल्या कापसाच्या मुलखात साधे सुती कापड मिळते, त्याला तोड नाही. सुती कापड आटते, तेव्हा शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढावे आणि खाली चार बोटे दुमड ठेवावी. पडदा जमिनीवर लोळू नये, वीतभर वर असावा. झाडू फिरतो, ओल चढत नाही.

रॉड खिडकीच्या चौकटीइतकाच घेऊ नका. दोन्ही बाजूंनी सहा ते आठ इंच जास्त घ्या आणि ब्रॅकेट भिंतीत पक्के बसवा. म्हणजे पडदा सारल्यावर त्याच्या चुण्या भिंतीवर येतात आणि खिडकी पूर्ण मोकळी होते. कड्या सहज सरकणाऱ्या असाव्यात. पडदा सारायला जोर लागला की तो कोणी सारत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

शेजाऱ्यांची नजर नको, म्हणून पडदा हवा, हेही मान्य. त्याला आपल्या आईच्या काळातला उपाय उत्तम आहे. स्प्रिंगच्या तारेवर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला सुती पडदा आणि वरचा अर्धा मोकळा. लाज राखली जाते, उजेड आणि वारा येत राहतो. डासांसाठी पडद्याचा उपयोग शून्य. त्यासाठी चौकटीला घट्ट बसणारी बारीक जाळी लावावी आणि तीही महिन्यातून एकदा धुवावी, कारण धुळीने भरलेल्या जाळीतून वारा येत नाही.

दोरी आणि दिवा

शहरांतून आता आपल्याकडेही दोरीने वर-खाली होणारे पट्ट्यांचे पडदे येऊ लागले आहेत. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर या लोंबत्या दोरीपासून सावध राहा. दोरीचा फास मुलाच्या गळ्याला बसतो आणि आवाजही निघत नाही. अमेरिकेत अशा अपघातांत इतकी मुले गेली, की २०१८ च्या डिसेंबरपासून तिथे दुकानात मिळणारे तयार पडदे बिनदोरीचे किंवा दोरी हाती न लागणारेच असावे लागतात. आपण निदान दोरी मुलाच्या हाताबाहेर उंच गुंडाळून ठेवावी, आणि पाळणा किंवा खाट खिडकीला लावू नये. देवघराजवळ, गॅसच्या शेगडीजवळ पडदा नकोच. सुती कापड भराभर पेटते आणि पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. दिवाळीत पणत्या मांडण्याआधी पडदे सारून बांधून ठेवावेत.

जाड काळ्या पडद्याला माझा सरसकट विरोध नाही. रात्रपाळी करणारे कोळसा खाणीतले कामगार, परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक यांना दिवसा झोपायचे असते. उजेडात गाढ झोप लागत नाही आणि अपुऱ्या झोपेने रक्तदाब बिघडतो, अपघात होतात. त्यांच्या खोलीला गडद पडदा हे औषधच आहे. मात्र तो झोपेपुरता ओढावा, उठल्यावर सारावा, आणि बाहेरून सावली तिथेही असावी.

शेवटी खर्चाचे. पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवावा. आधी पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खिडकीबाहेर चिक किंवा हिरवी नेट. मग डासांची जाळी. मग अर्धे सुती पडदे. बैठकीतल्या शोभेच्या पडद्याचा नंबर सर्वांत शेवटी. पाहुणे दोन घटका बसून जातात. त्या घरात वर्षभर श्वास घेणारी माणसे आपली असतात. तेव्हा यंदा दुकानात जाण्याआधी एक काम करा. आपल्या घरातली प्रत्येक खिडकी एकदा उघडून पाहा. जी गंजून बसली असेल, तिच्या बिजागरीला आधी तेल घाला. पडद्याचे माप त्यानंतर घेतले तरी चालेल.